ओढते आहे ना, मग ओढू दे!

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात मी आमच्या गोल्फ कार्टची मोटर जाळली. आधी "मोटर जळली" असं लिहिलं होतं, मग खोडलं. ती आपण होऊन जळली नाही. मी जाळली.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. इथे गोल्फ न खेळणाऱ्याच्या घरीसुद्धा गोल्फ कार्ट असते (मी ती काठी आयुष्यात हातात धरलेली नाही). गावभर शंभर मैलांहून जास्त लांबीच्या अरुंद डांबरी वाटा आहेत. लोक कार्टने भाजी आणतात, हायस्कूलची पोरं कार्टने शाळेत जातात, पालिका कार्टचं रजिस्ट्रेशन करते. आमची कार्ट सेकंडहँड, ३६ व्होल्टची. सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आणि मागच्या ॲक्सलला चिकटून तुपाच्या मोठ्या डब्याएवढी एक डीसी मोटर. झालं. बाकी त्या गाडीत काही नाही.

आमच्या घरात ती कार्ट बाबांची होती. नावाने माझी, पण बाबा इथे असले की त्यांची. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. भारतातून येणाऱ्या आईवडिलांचं इथे काय होतं हे इथल्या वाचकांना सांगायला नको. घर मोठं, फ्रीज भरलेला, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की जायला कुठे नाही. बाबांना मात्र जायला होतं. सकाळी साडेसातला चहा झाला की ते कार्ट काढायचे आणि लेक पीचट्रीपर्यंत जायचे. तिथे त्यांना दोन म्हातारे भेटायचे, एक गुजराती आणि एक इथलाच गोरा. तिघं काय बोलायचे देव जाणे. पण नऊला परत यायचे तेव्हा चेहरा वेगळा असायचा.

आता माती. मला परसात भेंडी-गवारीचे वाफे करायचे होते. इथली जमीन म्हणजे लाल चिकणमाती, उन्हात वीट आणि पावसात साबण. म्हणून एक यार्ड चांगली माती मागवली. ट्रकवाल्याने ती ड्राइव्हवेवर ओतली आणि गेला. इथलं 'यार्ड' म्हणजे घनयार्ड, आणि एवढ्या मातीचं वजन टनाच्या आसपास भरतं. वाफे घराच्या मागे, वरच्या अंगाला. मधे गवताचा चढ, साधारण बारा फुटांना एक फूट. शेजाऱ्याचा छोटा ट्रेलर मागून आणला, कार्टच्या मागे अडकवला आणि जाहीर केलं, दोन फेऱ्यांत संपवतो.

बाबा डेकवर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "अरे, सहा कर. घाई काय आहे?"

मी म्हणालो, "बाबा, ओढते आहे ना ती. मग ओढू दे की!"

आणि खरंच ओढली हो! पहिली फेरी गेली. हळूहळू गेली, पण कुरकुर नाही, धूर नाही, आवाज नाही. माझा सगळा राग त्या आवाज नसण्यावर आहे, त्याच्याकडे येतोच. दुसऱ्या फेरीत चढाच्या मधोमध बायको म्हणाली, थांब, पाण्याचा पाइप आडवा आलाय. मी थांबलो. पण ब्रेक नाही दाबला. ॲक्सिलरेटरवरच पाय थोडा ठेवून गाडी चढावर तोलून धरली, क्लचवर गाडी धरायची आपली जुनी खोड. पाइप बाजूला व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागलं असेल. पुन्हा निघालो, वर पोचलो, माती ओतली.

तेवढ्यात डेकवरून बाबांचा आवाज आला. "व्हार्निशचा वास येतोय. बंद कर."

बाबांनी नोकरीची बहुतेक वर्षं कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये काढली. ट्रॅक्शन मोटर हाच त्यांचा धंदा. तांब्याच्या वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन भाजायला लागलं की कसा वास येतो, हे त्यांना मला फोडणी जळल्याचा कळतो तसं कळतं. मी जाऊन मोटरच्या कवचाला हात लावला. गरम होती, पण हात ठेवता येत होता. मी म्हणालो, फार नाही तापली. ते म्हणाले, "बाहेर हात लावून काय कळणार? आतला आर्मेचर आधी तापतो. कवचापर्यंत यायला वेळ लागतो. दहा मिनिटांनी लाव." दहा मिनिटांनी हात ठेवता येईना.

झालं काय, ते त्यांनी मला त्या संध्याकाळी कागदावर समजावलं. मी स्वतः इंजिनियर, पण सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे निमूट ऐकलं. सपाट डांबरावर कार्ट आणि मी मिळून साडेपाचशे किलो. ते पुढे सरकायला दहा-अकरा किलोचा जोर पुरतो. मागे सहाशे किलोचा ट्रेलर, खाली गवत आणि वर तो चढ धरला तर हाच जोर दीडशे किलोच्या घरात जातो. म्हणजे बारा-पंधरा पट! जोर वाढवायचा तर मोटरला एकच मार्ग माहीत आहे, जास्त करंट घेणं. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट तर उष्णता चौपट, करंट चौपट तर उष्णता सोळापट. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, शंभर अंश जास्त तापलं तर सुमारे चाळीस टक्क्यांनी. म्हणजे तेवढ्याच करंटला आणखी उष्णता.

वेगाचंही असंच. मोटर जोरात फिरत असते तेव्हा ती स्वतःच बॅटरीच्या उलट दाब तयार करते आणि करंट आवरते. हळू फिरली की तो उलटा दाब घटतो. आणि मी केलं तसं जागच्या जागी धरून ठेवली तर तो शून्य! मग सगळा करंट ब्रशखालच्या कॉम्युटेटरच्या त्याच दोन-चार पट्ट्यांतून जात राहतो. नंतर मोटर उघडली तेव्हा नेमक्या तेवढ्याच पट्ट्या काळ्यानिळ्या पडलेल्या दिसल्या. माझा पाइपवाला पाऊण मिनिट तिथे छापला गेला होता.

यावर ओळखीच्यांनी जे सल्ले दिले त्यातले बहुतेक मला पटलेले नाहीत, म्हणून हा लेख. पहिला सल्ला, मोठा कंट्रोलर टाक, जास्त करंट सोडतो. अहो, करंटनेच तर मारलं तिला! त्याच मोटरला मोठा कंट्रोलर म्हणजे अपचन झालेल्याला आणखी दोन पुरणपोळ्या. दुसरा सल्ला, मोठी मोटर टाक. हे निदान निम्मं बरोबर आहे. पण कार्टला गिअर एकच असतो. चढावर 'पहिला टाकावा' म्हटलं तर पहिला नाहीच. सपाटीवर वीसेक किलोमीटरने पळण्यासाठी जे गणित बसवलंय, त्याच गणिताने तिला चढावर टनभर ओझं ओढायचं असतं. तिसरा सल्ला, पेट्रोलची कार्ट घे. याच्यावर मी थोडा विचार केला. पेट्रोलचं इंजिन ओझं झालं की घुसमटतं, पट्टा घसरतो, रबराचा वास येतो, शेवटी बंद पडतं. कटकट करतं, आणि ती कटकट हाच त्याचा मोठा गुण. आजोबांचा बैल चढावर फार झालं की सरळ खाली बसायचा. मग माणसं शिव्या घालत निम्मी पोती उतरवायची. बैल वाचायचा.

विजेची मोटर खाली बसत नाही. तिची सगळ्यात जास्त ताकद शून्य वेगालाच असते, आणि मागाल तेवढी ती देते. ओढवलं म्हणजे झेपलं असं आपण धरून चालतो, आणि माझ्या मते गोची इथेच आहे. झेपतं की नाही हे ओझ्यावर नाही, किती मिनिटं ओढलं यावर ठरतं. मोठ्या मोटरींच्या पाटीवर म्हणून दोन आकडे असतात, अखंड किती आणि तासभर किती. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते आणि आपण वडा खातो, तेव्हा मागे दोन-तीन इंजिनं जोडली जात असतात. बोरघाटाचा चढ किती, तर सदतीसला एक. माझ्या परसाच्या चढाच्या तिपटीने सौम्य! एवढ्यासाठी रेल्वे जास्तीची इंजिनं लावते. शिवाय त्या इंजिनांत मोटरी गार ठेवायला वेगळे ब्लोअर असतात, म्हणजे गाडी रांगत असली तरी वारा पुरा मिळतो. माझ्या कार्टला ब्लोअर मी स्वतः, तोंडाने फुंकर मारणारा.

म्हणून माझं म्हणणं असं, की मोटरच्या आत तापमानाचा एक सेन्सर आणि समोर एक लाल दिवा प्रत्येक कार्टला असायलाच हवा. नव्या एसी मोटरवाल्या कार्टमध्ये अशी सोय मिळते, तापल्यावर ताकद आपोआप कमी होते. पण रस्त्यावर माझ्यासारख्या जुन्या कार्ट ढीगभर आहेत आणि लोक त्यांच्यामागे ट्रेलर, होड्या, लाकडं, काय वाट्टेल ते बांधतात. मोटारीला पेट्रोलचा काटा नसता तर आपण ती विकत घेतली असती का? "मालकाने अक्कल वापरावी" हे उत्तर मला मान्य आहे. पण माझ्याकडे अक्कल डेकवर खुर्ची टाकून बसली होती आणि मी तिचं ऐकलं नाही, त्याचं काय?

मोटर त्या दिवशी लगेच मेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढचे चार दिवस बाबा तिच्यावर तळ्याला जाऊन आले. पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर, घरापासून मैलभर अंतरावर ती थांबली. इन्सुलेशनचं असंच असतं. दहा अंश जास्त तापलं की आयुष्य निम्मं, हा जुना ठोकताळा. मी तिचं उरलेलं आयुष्य त्या एका दुपारी वापरून टाकलं होतं, हिशेब चार दिवसांनी आला. बाबांकडे फोन नव्हता. ते त्या वाटेने तो मैल चालत आले. मधे दोनदा बसले म्हणे. दार उघडलं तेव्हा त्यांनी भिंत धरलेली होती.

"आर्मेचर गेला," एवढंच म्हणाले.

दुसरी मोटर येऊन बसायला साडेतीन आठवडे लागले. पैशांचं सोडा. बाबांचं परतीचं तिकीट चार आठवड्यांनंतरचं होतं. मी रोज सकाळी गाडीने सोडतो म्हणालो, दोनदा सोडलंही. पण मला नऊची मीटिंग, त्यांना उशीर नको म्हणून ते घड्याळ बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, राहू दे. मग ते डेकवर बसायचे, समोर वाफे. भेंडी मात्र झकास आली.

शेवटच्या तीन दिवसांत कार्ट चालू झाली. ते पहिल्याच सकाळी तळ्यावर गेले तर गुजराती काका आपल्या मुलीकडे न्यू जर्सीला निघून गेले होते.

आता यंदा नोव्हेंबरमध्ये परत एक यार्ड कंपोस्ट मागवलं. मोटरवर मारायला तापमान मोजायची बंदूक आणली आहे, थांबल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा मोजतो. चढावर पाय ब्रेकवर. रविवारी फोनवर बाबांनी गुडघ्यांचं, पावसाचं, शेजाऱ्यांचं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "किती फेऱ्या केल्यास?"

नऊ, म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.