हप्ता भरायचा की सरकारी दवाखाना धरायचा?



दिवाळी उरकली, सोयाबीन बाजारात गेले, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की गावात दोन माणसे हमखास फिरू लागतात. एक खताच्या उधारीची वही घेऊन येतो, दुसरा विम्याचे कागद घेऊन. पहिल्याला काय उत्तर द्यायचे ते आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्यापुढे मात्र आपण गोंधळतो.

मराठवाड्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात : "भाऊ, घरी पाच एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. आम्ही नवराबायको, दोन लेकरं आणि सासूबाई. सासूबाईंना ६८वं लागलंय, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. एजंट म्हणतो, पाचही जणांचा पाच लाखांचा विमा वर्षाला ४२ हजारांत बसवतो, फक्त फॉर्मवर साखरेचं लिहू नका. आमचे हे म्हणतात, भरून टाकू. सासूबाई म्हणतात, मग सरकारी दवाखाना कशाला बांधलाय? मला दोघांचंही पटतं. तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?"

ताई, प्रश्न तुम्ही विचारलात, पण तो निम्म्या महाराष्ट्राचा आहे. म्हणून सगळ्यांच्या देखत उत्तर देतो. आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे शहाणपण कुठे शिकलो ते कळेल.

२०१६ साली ऐन पेरणीत माझ्या थोरल्या बंधूंच्या छातीत कळ आली. रात्रीची वेळ. कोणी म्हणाले शहरात न्या, आम्ही नेले. जो दवाखाना आधी दिसला त्यात दाखल केले. अनामत मागितली ती भरली, अँजिओप्लास्टी झाली, बंधू वाचले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्याने विचारले, "तुमच्याकडे केशरी कार्ड नाही का?" होते की! घरी ट्रंकेत, कापडात गुंडाळून ठेवलेले. त्या कार्डावर राजीव गांधी जीवनदायी योजनेत हेच काम फुकट झाले असते, पण तो दवाखाना योजनेच्या यादीत नव्हता, आणि भरलेला पैसा परत मिळत नसतो. बैलजोडी गेली, सोसायटीचे कर्ज दोन वर्षे थकले. पैसा नव्हता म्हणून आम्ही बुडालो नाही. आपले काय आहे ते ठाऊक नव्हते, म्हणून बुडालो.

तेव्हा सासूबाईंच्या बाजूने सुरुवात करू. सरकारी दवाखाना म्हणताच आपण नाक मुरडतो. पण काही कामे त्याच्याइतकी चांगली कोणी करत नाही. साप चावला तर विषावरची लस, कुत्रे चावले तर रेबीजची लस तिथे फुकट मिळते. क्षयाच्या गोळ्या फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णाला खुराकासाठी महिना १,००० रुपये खात्यावर येतात. बाळंतपणाचे म्हणाल, तर २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधे, जेवण आणि ने-आण यांचा पैसा घ्यायचा नाही असा नियमच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत झाले. मेडिकल कॉलेजची मोठी रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे आहेत, त्यांचे दर वेगळे असतात, एवढे ध्यानात ठेवा.

आणि सरकारी डॉक्टर म्हणजे दुय्यम, हेही मनातून काढून टाका. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट दगावत. त्यावर प्राझोसिन नावाची साधी गोळी लागू पडते, हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. त्यांचे काम परदेशच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पत्र्याच्या खोलीतसुद्धा मोठे काम होते, करणारा माणूस तिथे हवा.

खरी अडचण इथेच आहे. माणूस तिथे नसतो. जागा रिकाम्या, रात्री तज्ज्ञ नाही, यंत्र आहे तर चालवणारा नाही. "पुढे घेऊन जा" म्हणून चिठ्ठी हातात पडते आणि तालुका, जिल्हा अशी वरात निघते. उपचार फुकट, पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, गाडीभाडे, बाहेरचे खाणे आणि घरी खोळंबलेल्या म्हशी, यांची पावती कोणी देत नाही. सासूबाईंनी हा हिशेब धरलेला नाही.

आता या दोन्हींच्या मधली वाट. एजंट ती सांगणार नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. २०१२ साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेचे नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही एकत्र चालू लागल्या. पूर्वी पिवळे-केशरी कार्ड लागे, मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही लाभ होता. २०२४ पासून कार्डाचा रंग पाहायचा नाही असे ठरले. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, सरकारी आणि यादीतल्या खासगी दवाखान्यांतही. हप्ता शून्य. म्हणजे ताई, एजंट जो पाच लाखांचा आकडा ४२ हजारांना विकतो आहे, तेवढाच आकडा तुमच्या रेशनकार्डाच्या मागे आधीच उभा आहे.

मग विमा हवा कशाला? थांबा, योजनेलाही कुंपण आहे. ठरलेल्या यादीतलेच आजार आणि शस्त्रक्रिया त्यात बसतात. यादीतल्याच दवाखान्यात जावे लागते. साधा ताप, रोजच्या गोळ्या, बाहेरच्या बाहेर तपासणी यांना पैसा मिळत नाही. आणि नाव दाखल होतानाच घालावे लागते. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, पहिल्यांदा त्याला गाठायचे, डॉक्टरला नंतर. कोणी अनामत मागितली तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करायची.

हे कुंपण जिथे संपते तिथे खासगी विम्याचे काम सुरू होते. आपल्या देशात मेडिक्लेम १९८६ साली आले, तेव्हा ते नोकरदारांचे होते. आता गावोगाव आले आहे. त्याचा गुण असा की दवाखाना तुम्ही निवडता आणि आजारांची यादी बरीच मोठी असते. पण पीकविम्याने आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे : नुकसान झाले म्हणजे भरपाई मिळाली असे नव्हे. ७२ तासांत कळवले नाही म्हणून किती जणांचे अर्ज पडून राहिले! इथेही तसेच बारीक अक्षर आहे, ते वाचा.

पहिले म्हणजे मुदत. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघा अशा कामांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे. हा नियम २०२४ चा, पूर्वी चार होती. म्हणून विमा हा बियाण्यासारखा आहे, पेरल्याबरोबर कापता येत नाही. आजार दारात आल्यावर घेऊन उपयोग नाही.

दुसरे, खोलीचे भाडे. समजा विम्यात रोजचे ३,००० रुपये भाडे धरले आहे आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली. तर वरचे तीन हजारच तुमच्या खिशातून जातात असे नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा आकार यांतही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी काट लागू शकते. दवाखान्यात खोली निवडण्याआधी पॉलिसी उघडून पाहा.

तिसरे, हप्ता दर वर्षी भरायचा असतो, वयाबरोबर तो चढतो, आणि आजारी पडला नाहीत तर परत मिळत नाही. दुष्काळाच्या साली चुकला आणि सवलतीचे दिवसही टळले, की नव्याने घेताना सगळ्या मुदती पहिल्यापासून. एक बरे झाले, घरच्या माणसांच्या आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. एजंटच्या कागदावर तो अजून दिसला तर विचारा.

चौथे सर्वांत महत्त्वाचे. फॉर्मवर साखर लपवू नका. ताई, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. लपवली तर हप्ता घेताना कोणी हरकत घेणार नाही. हरकत निघते ती सासूबाई खाटेवर असताना, त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या पाहून. मग दावा नाकारतात, भरलेले पैसे पाण्यात जातात, आणि एजंटचा फोन लागत नाही. फॉर्मवर सही तुमची असते, त्याची नसते. खरे लिहिले तर हप्ता थोडा वाढेल, मुदत लागेल, पण पुढे पैसा मिळेल. आणि पॉलिसी हाती आल्यावर मनासारखी नसली तर ३० दिवसांत परत करता येते.

आता तुमचा सरळ प्रश्न : तुमच्या जागी असतो तर काय केले असते?

पहिल्या आठवड्यात एक पैसाही खर्च केला नसता. आशाताईंना किंवा सेवा केंद्रवाल्याला गाठून पाचही जणांची आयुष्मान कार्डे काढली असती. रेशनकार्डावर धाकट्याचे नाव चढले आहे का, आधारवरचे नाव जुळते का, ते पाहिले असते. मग हृदय, मूत्रपिंड, अपघात, कर्करोग यांसाठी आपल्या जिल्ह्यातला योजनेत बसणारा दवाखाना कोणता, हे विचारून दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिले असते. शेजारी १०८ क्रमांक. रात्री कळ आली की डोके चालत नाही, भिंत वाचता येते.

दुसरे, एजंटला सासूबाईंना वगळून हप्ता विचारला असता. एकत्र पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत वयस्कर माणसावर ठरतो. त्यांच्यामुळे लेकरांचाही भाव चढतो. त्या वेगळ्या काढल्या तर आकडा बराच खाली येईल. मग त्यांचे काय? आज त्यांना कुटुंबाच्या कार्डाचा आधार आहे. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला, गरीब असो वा श्रीमंत, आयुष्मानमध्ये स्वतःचे वेगळे पाच लाख मिळतात. म्हणजे दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे. साखरेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात, त्या नियमाने घ्या.

तिसरे, तुम्हा चौघांचा हप्ता म्हशींच्या दुधातून निघत असेल तर भरा. तुमचे दोघांचे शरीर म्हणजेच घरची शेती आहे, आणि लहान वयात घेतलेल्या विम्याच्या मुदती निरोगी असतानाच सरून जातात. पण त्यासाठी दागिना गहाण ठेवावा लागत असेल किंवा सावकाराकडे जावे लागत असेल, तर भरू नका. तेवढे पैसे नाही जमले तर महिना पाचशे का होईना, वेगळ्या खात्यात टाका. गाडीभाडे, तपासण्या, बाहेरची औषधे त्यातून निघतील. मोठ्या कामाला योजना आहे.

आणखी एक. बँकेतला २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना ही चांगली आहेत, पण ती मृत्यू आणि अपंगत्वासाठी. दवाखान्याचे बिल त्यातून निघत नाही. "आमचा विमा आहे" म्हणताना कोणता, ते पाहा. आणि धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत २००६ पासून उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असू द्या.

शेवटी सासूबाईंच्या बोलण्याकडे पुन्हा येतो. "दवाखाना कशाला बांधलाय?" हा प्रश्न त्यांनी घरात विचारला. तो ग्रामसभेत विचारायचा आहे. ज्याला परवडते त्याने विमा काढून शहर गाठले, तर गावच्या केंद्रात डॉक्टर आहे की नाही हे विचारणारा उरत नाही. विमा कितीही मोठा असला, तरी साप चावल्यावर पहिल्या तासात गाठता येतो तो गावचाच दवाखाना. छत्री घ्यावी, जरूर घ्यावी, पण म्हणून घराचे छप्पर गळू देऊ नये.

ताई, कार्डे निघाली की कळवा. इतर वाचकांनीही आपल्या तालुक्यातला अनुभव लिहावा, कार्ड चालले की नाही, कुठे अडले. पुढच्या खेपेला त्यातलीच पत्रे घेऊ.

तोवर राम राम.