तिकिटाचा अर्धा तुकडा

जानेवारी लागला की वर्तमानपत्रांना दोन गोष्टींचं भरतं येतं: वार्षिक राशिभविष्य आणि 'यंदा चुकवू नयेत असे सिनेमे'. राशिभविष्यवाला निदान 'मार्चनंतर अनुकूल काळ' म्हणून मोकळा होतो. सिनेमावाले तारीख, वार, सण सगळं छातीठोक जाहीर करतात आणि मग निवांत पुढे ढकलतात. यशच्या 'टॉक्सिक'ची पहिली तारीख होती 10 एप्रिल 2025. सदरकाराच्या धारवाडच्या मालमड्डीतल्या घरी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावलेली होती, कारण पुतणी यशची भक्त. तो 10 एप्रिल आला आणि गेला. नव्या कॅलेंडरवर आता 19 मार्च 2026 ला, पाडव्याला, खूण आहे. काकूंनी श्रीखंडाचा बेतही त्याच दिवशी धरलाय. यंदा निदान श्रीखंड तरी ठरल्या दिवशी होईल.

यादीतला मजकूर थोडक्यात असा. पाडव्याला 'टॉक्सिक'समोर 'धुरंधर'चा दुसरा भाग उभा आहे. 1 मे रोजी रितेश देशमुखचा 'राजा शिवाजी'. 2 ऑक्टोबरला अजय देवगणचा 'दृश्यम 3'. दिवाळीत नितेश तिवारींच्या 'रामायण'चा पहिला भाग. त्यात रणबीर कपूर राम आणि पुन्हा आमच्याकडचा यश रावण. यंदा याद्यांना कोरियन रकानाही जोडलेला आहे. त्यात पार्क चान-वूकचा 'नो अदर चॉइस', जो कोरियात 2025 च्या सप्टेंबरातच लागला, आणि ना होंग-जिनचा 'होप', ज्याची वाट 'द वेलिंग' पाहून झोप उडालेले लोक 2016 पासून बघताहेत.

यातला 'नो अदर चॉइस' धारवाडकरांना आवर्जून सांगावा असा आहे. कागदाच्या कंपनीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाची नोकरी जाते. त्याच्या लायकीच्या जागा मोजक्या आणि उमेदवार तेवढेच तयारीचे. तेव्हा उमेदवारच कमी करावेत, असं तो ठरवतो. डोनाल्ड वेस्टलेकच्या 1997 मधल्या इंग्रजी कादंबरीवरचा हा सिनेमा, नायक ली ब्युंग-हुन. आता इथून दांडेली काही लांब नाही. तिथल्या कागद गिरणीत उमेदीची वर्षं घालवून धारवाडात घर बांधलेली मंडळी गल्लोगल्ली भेटतात आणि लगदा, बांबू, मशीनची रुंदी यावर अजून तासभर बोलू शकतात. सदरकाराच्या शेजारीही असे एक गृहस्थ आहेत. त्यांना फाटकाशी उभ्याउभ्या ही गोष्ट सांगितली. खुनांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. "कुठला कागद हो? रायटिंग-प्रिंटिंग की बोर्ड?" एवढंच विचारलं, आणि उत्तर मिळेना तेव्हा सिनेमावरचा त्यांचा विश्वास उडाला.

घरात कोरिया शिरला तो मात्र फोनमधून. पुतणी खालच्या ओळी वाचत बघते, काकूंना हिंदी डबिंग लागतं, आणि दोघींचं एकमत फक्त एवढ्यावर की जेवणाचे प्रसंग छान असतात. 'ट्रेन टू बुसान' दोघींनी एकत्र पाहिला. सोलहून निघालेल्या गाडीत झोंबी शिरतात, एकेका डब्यातून माणसं मागे हटत जातात. काकू शांतपणे म्हणाल्या, "आपल्या हुबळीला उतरले असते तर फलाटाच्या टोकापर्यंत धावता धावताच दमले असते." हुबळीचा फलाट 1,507 मीटर लांब आहे, जगात सर्वांत लांब म्हणून त्याची नोंद आहे, आणि चुकीच्या टोकाला डबा लागला तर सामान घेऊन चालणाऱ्याला ते कुठल्याही पुस्तकात वाचावं लागत नाही.

पण 'हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय' असं कोरियन सिनेमा बघताना वाटतं, तो भास नसतो. मुंबईने गेली वीस वर्षं तिथून भरपूर उचललेलं आहे. कधी रीतसर हक्क घेऊन, कधी न घेता. 'ओल्डबॉय'वरून 2006 मध्ये 'जिंदा' झाला, तो न विचारता. पुढे रीतसर व्यवहार सुरू झाले. 'ओड टू माय फादर'चा सलमानचा 'भारत' झाला, 'द आउटलॉज'चा 'राधे', 'द टेरर लाइव्ह'चा 'धमाका', 'मोंताज'चा अमिताभचा 'तीन'. आणि 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'चा 2016 मध्ये 'रॉकी हँडसम', दिग्दर्शक निशिकांत कामत. 'डोंबिवली फास्ट'वाले. त्यात खलनायकाचं कामही त्यांनी स्वतःच केलं होतं, आणि नायक जॉन अब्राहमपेक्षा तेच जास्त लक्षात राहिले, असं सदरकाराचं ठाम मत आहे.

याच कामतांनी त्याच्या आदल्या वर्षी हिंदी 'दृश्यम' केला होता. मूळ गोष्ट जीतू जोसेफ यांची, 2013 ची, मल्याळम. कन्नडमध्ये रविचंद्रनचा 'दृश्य' 2014 मध्ये आला, हिंदीच्या आधी, त्यामुळे हुबळीतल्या प्रेक्षकाला अजय देवगण काय करणार ते आधीच ठाऊक होतं. मग 2023 च्या मे महिन्यात कानच्या महोत्सवात जाहीर झालं की 'दृश्यम' आता कोरियनमध्ये होणार. करार केलेल्या तिथल्या कंपनीत 'पॅरासाइट'मधला बाप, साँग कांग-हो, भागीदार आहे. इतकी वर्षं माल तिकडून इकडे येत होता, आता इकडून तिकडे निघाला. हे वाचून सदरकाराला अभिमानबिभिमान वाटायला हवा होता. प्रत्यक्षात एकच शंका आली: ते तिकिटांचं काय करणार?

दहा वर्षांनी रहस्य फोडायला हरकत नसावी. विजय साळगावकर हा गोव्यातला केबलवाला, शाळा अर्धवट सोडलेला, पण सिनेमे बघून बघून शहाणा झालेला. घरात खून झाल्यावर तो बायको-मुलींना घेऊन पणजीला जातो आणि आपण त्या विशिष्ट तारखेला तिथेच होतो, हे भेटलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हळूहळू भरवतो. सत्संग, पावभाजी, हॉटेल, बस, सिनेमा. या सगळ्याला आधार कसला, तर कागदाच्या चिटोऱ्यांचा. बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, सिनेमाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. पोलीस दारात आल्यावर ते चिटोरे तो लगेच पुढे करत नाही, यातच त्याची हुशारी.

आज साळगावकराला हे जमणार नाही. तिकीट फोनवर, पैसे यूपीआयने, वेळ सेकंदासकट नोंदलेली, वर मॉलच्या जिन्यापासून पॉपकॉर्नच्या काउंटरपर्यंत कॅमेरे. पोरगा दारात फोनवरचा चौकोन टिपतो, 'ऑडी थ्री, लेफ्ट' म्हणतो, संपलं. फाडायला काही नाही. खिशात राहायला काही नाही.

अप्सरा, सुधा, पद्मा, श्रीनिवास ही नावं ज्यांच्या कानाला टॉकीज म्हणूनच ओळखीची आहेत, त्यांना ती तिकिटं आठवत असतील. गुलाबी नाहीतर पिवळट, बोटाला रंग लागेल असा पातळ कागद. त्यावर टॉकीजचं नाव, वर्ग, दर, करमणूक कर, आणि शिक्का नीट उमटला असला तर तारीख. सिनेमाचं नाव कधीच नसे. डोअरकीपर मान वर न करता बरोबर मधोमध फाडायचा, अर्धा भाग तारेत ओवायचा आणि बॅटरीचा झोत रांगेवर टाकून 'हॅ, आतमध्ये सरका' म्हणायचा. राहिलेला अर्धा बहुतेकांच्या पँटच्या खिशात धुतला जाऊन त्याचा गोळा व्हायचा. सदरकाराने मात्र लाइन बाजारच्या पेढ्यांच्या एका खोक्यात ते तुकडे ठेवले आहेत, मागे बॉलपेनने सिनेमाचं नाव लिहून. पुतणीने परवा ते खोकं उघडलं. पेढ्याचा वास अजून आहे. एका तुकड्यामागे नुसतं 'बकवास' लिहिलेलं निघालं. कुठला सिनेमा, ते आता कळायला मार्ग नाही.

"काका, कोरियात हे सगळं अजून चालतं," पुतणी म्हणाली. चौकशी केली तर खरंच चालतं. मेगाबॉक्स नावाची तिथली थिएटरांची साखळी निवडक सिनेमांसाठी खास जाड कागदाचं चित्रमय तिकीट छापते आणि पोरं ती फायलीत लावून जमवतात. सीजीव्ही या दुसऱ्या साखळीत तर आपल्या पसंतीचा फोटो तिकिटावर छापून मिळतो. म्हणजे फोनवर जगणारा तो देश कागदी तिकीट हौसेने सांभाळतो. कोरियन साळगावकराची सोय झाली म्हणायची. फक्त तिथले पोलीस आधी त्याची फाइल बघतील.

आणखी एक गोष्ट तिथे तिकिटाने चालते. सिनेमा किती चालला हे ते पैशात सांगत नाहीत, माणसांत सांगतात. कोरियन फिल्म कौन्सिलच्या संगणकाला देशभरातली थिएटरं जोडलेली असल्याने कुठल्या सिनेमाची किती तिकिटं विकली ते रोजच्या रोज जाहीर होतं. एक कोटी प्रेक्षक झाले की तो सिनेमा मोठा. लोकसंख्या सगळी पाच कोटींच्या आसपास, तरी 'ट्रेन टू बुसान', 'पॅरासाइट', 'ओड टू माय फादर' यांनी हा आकडा ओलांडला. 2025 मध्ये मात्र तिथल्या एकाही सिनेमाला तो गाठता आला नाही आणि त्याची तिथे मोठी काळजी झाली. आपल्याकडे कोटी म्हणजे रुपयेच. तेही निर्मात्याचे वेगळे, वितरकाचे वेगळे, आणि पोस्टरवरचे तिसरेच. सिनेमा किती जणांनी बघितला हे विचारलं तर उत्तर येतं, 'तीनशे कोटी'.

रुपयांचा विषय निघालाच आहे तर कर्नाटकातला तमाशा सांगायला हवा. राज्य सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये नियम काढला की तिकीट 200 रुपयांच्या वर नको, कर वेगळा. पंचाहत्तर किंवा त्याहून कमी खुर्च्यांच्या ऐषारामी पडद्यांना तेवढी सूट. हुबळीत आनंद झाला, काकूंनी तर महिन्याचा हिशेबही मांडला. 'कांतारा: चॅप्टर 1' 2 ऑक्टोबरला यायचा होता. त्याच्या तोंडावर, 23 सप्टेंबरला, उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे नोव्हेंबरात न्यायमूर्तींनी मल्टिप्लेक्सवाल्यांना पाण्याच्या शंभराच्या बाटलीवरून आणि सातशेच्या कॉफीवरून सुनावलं. सातशे रुपयांत दुर्गदबैलला किती प्लेट गिरमिट आणि मिरची भजी येतील, याचा हिशेब त्या संध्याकाळी हुबळीत घरोघरी झाला असणार. तिकीट मात्र होतं तिथेच राहिलं. फोनवर काढलं तर वर 'कन्व्हीनियन्स फी'. घरबसल्या स्वतःच्या बोटाने, स्वतःच्या डेटावर, स्वतःच खुर्ची निवडायची, आणि सोय झाल्याबद्दल पैसेही आपणच द्यायचे.

मराठी सिनेमाचं इथे काय, असं वाचक दर वेळी कळवतात. 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' होऊन आला, 2017 मध्ये, एस. नारायण यांचा, आणि नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. तेव्हा काकूंनी तो कन्नडमध्येही पाहिला आणि आर्ची कन्नडमध्येही तेवढीच ठसक्यात बोलते, असा निर्वाळा दिला. 'राजा शिवाजी' 1 मे रोजी हुबळीत लागणार का, किती वाजता लागणार, सकाळी नऊच्या खेळाला कोण जाणार, हे प्रश्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विचारावेत. आधी विचारलं तर काउंटरवरचा पोरगा 'ॲप बघा सर' म्हणतो.

तर गेल्या रविवारी पुतणीने चिगरी बसमधून जाता जाता हुबळीतल्या एका हिंदी सिनेमाची तिकिटं फोनवर काढली. सिनेमा ठीक होता, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. परतल्यावर खोक्यात ठेवायला काहीतरी हवं म्हणून सदरकार कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि फोनवरच्या त्या चौकोनाची प्रिंट मागितली. दुकानदाराने फोन हातात घेतला, तिकीट बघितलं, तारीख बघितली, सिनेमा होऊन गेलाय हेही बघितलं.

"याक्री सर," त्याने आवाज खाली घेऊन विचारलं, "पोलीस केस ऐतेन्री?"

मागे उभी असलेली दोन पोरं पुढे सरकली. सदरकाराने कलर प्रिंट सांगितली, आणि दोन प्रती.