एकाच ‘एम’चे अर्थ तरी किती?

देशाच्या ऊर्जाक्षेत्राच्या बातम्या नियमित वाचणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा केवळ ‘एम’ या अक्षरावर लक्ष ठेवून पाहावे. मेगावॉटच्या चिन्हातील एम म्हणजे दशलक्ष. नैसर्गिक वायूचा दर ‘एमएमबीटीयू’मागे डॉलरमध्ये सांगतात, तेथे प्रत्येक एम म्हणजे हजार, आणि दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार. (हा एम रोमन अंकांतला, पण रोमन पद्धतीने दोन एम मिळून दोन हजारच होतात, हे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.) हरित हायड्रोजनचे २०३० पर्यंतचे वार्षिक उद्दिष्ट ‘५ एमएमटी’ आहे. येथे पहिला एम दशलक्षाचा आणि दुसरा चक्क ‘मेट्रिक’चा! विजेचा खप ‘एमयू’मध्ये येतो, म्हणजे दशलक्ष युनिट; त्यालाच गिगावॉट-तास म्हणतात, हे बातमीत क्वचितच सांगितले जाते.

दशमान पद्धतीतील उपसर्गांचे सारे सामर्थ्य एका करारात आहे: एक चिन्ह, दहाचा एकच घात. कॅपिटल एम म्हणजे मेगा, स्मॉल एम म्हणजे मिली. दोहोंत एक अब्ज पटींचे अंतर. हा करार मोडला की आकडा दिसतो, पण त्याचे आकारमान मनात उभे राहत नाही. धोरणाविषयीच्या बातमीत हे नुकसान लहान नव्हे. ज्याला दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, त्याने उद्दिष्ट मोठे की लहान हे ठरवायचे कसे?

पाण्याची कथा आणखी बोलकी आहे. आपल्याकडे धरणाचा साठा ‘टीएमसी’त सांगतात. यातील टी हा टेराचा नव्हे, हजाराचा, एम दशलक्षाचा, आणि सी घनफुटांचा. जलसंपदा खात्याचा ‘दलघमी’ हा शब्द, म्हणजे दशलक्ष घनमीटर, त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. कोयनेची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ ३,००० दलघमी, म्हणजेच साधारण ३ घन किलोमीटर. येथे विद्यार्थी हमखास अडखळतो. घन किलोमीटर म्हणजे हजार घनमीटर नव्हे, शंभर कोटी घनमीटर. कारण घात केवळ मीटरचा नसून उपसर्गासह होतो. पण एक किलोमीटर लांब, तितकेच रुंद आणि तितकेच खोल असे तीन हौद डोळ्यांपुढे आणले की कोयना उमगते. ‘१०५’ या आकड्याने ती उमगत नाही.

२०२२च्या नोव्हेंबरात वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोना, क्वेटा, रोंटो आणि क्वेक्टो हे चार नवे उपसर्ग स्वीकारले. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ रोनाग्रॅम, हे वाक्य स्पर्धापरीक्षांच्या तयारीत आता अनेकांना पाठ असेल. पाठांतराला माझा विरोध नाही. तथापि दहाच्या सत्ताविसाव्या घातापर्यंत पोहोचलेल्या वाचकाला सहाव्या घातापाशीच चकवणारी बातमी मिळावी, हे विसंगत आहे.

लाख-कोटी सोडा, असे मात्र मी म्हणणार नाही. ते आपल्या कानांत बसले आहेत आणि पैशाच्या हिशेबात त्यांनीच राहावे. अडचण लाख-कोटींची नाहीच; ती या अर्धवट इंग्रजी आद्याक्षरांची आहे, जी ना आपली ना विज्ञानाची. गावोगाव निराळे भरणारे शेर आणि मण हद्दपार करण्यासाठी १९५६मध्ये देशाने कायदा केला. आता प्रत्येक खात्याने आपापला नवा शेर घडवला आहे.

विज्ञानविषयक सरकारी निवेदनांत प्रत्येक राशी किमान एकदा मान्य एककात द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. सुरुवात हरित हायड्रोजनपासून करता येईल: ‘५ एमएमटी’ खोडून तेथे ‘५० लाख टन’ लिहावे.