पैलीला इचारलं व्हतं का?



जुलै २०२४. जिंतूर तालुक्यात सोयाबीनची खुरपणी चालू होती. दुपारच्या भाकरीला बांधावर बसलेल्या बायांमध्ये एकीच्या मोबाइलवर ‘बिग बॉस ओटीटी’चं तिसरं पर्व लागलं होतं. यूट्यूबर अरमान मलिक पायल आणि कृतिका या दोन बायकांना घेऊन त्या घरात गेला होता. भाकरीवर लसणाची चटणी घेता घेता एका म्हातारीनं एवढंच विचारलं, “पैलीला इचारलं व्हतं का?”

त्या पर्वावर महिनाभर रान उठलं, पण या प्रश्नाला फार थोडी जागा मिळाली. शिवसेनेच्या आमदार मनीषा कायंदे यांनी पलंगावरच्या एका चित्रफितीवरून मुंबई पोलिसांकडे अश्लीलतेची तक्रार केली. ती चित्रफीत बनावट असल्याचं कार्यक्रम दाखवणाऱ्या जिओ सिनेमानं सांगितलं. वाद पलंगापाशीच अडकला. कृतिका ही पायलची मैत्रीण. २०१८ मध्ये तिच्याशी झालेल्या लग्नानं आपण कोलमडलो, हे पायलनं स्वतः सांगितलेलं आहे. मग याला ‘तिघांची निवड’ कसं म्हणायचं? मराठीत याला जुना शब्द आहे: सवत.

दोघांच्या संमतीनं खुलं ठेवलेलं नातं ही वेगळी गोष्ट आहे. ब्रिटनच्या चॅनल फोरवर २०२२ मध्ये ‘ओपन हाउस’ आलं, अमेरिकेत २०२४ मध्ये ‘कपल टू थ्रपल’. प्रेक्षक खेचायची हाव तिथंही आहेच. पण त्यांची सुरुवात होते ती जोडप्यातल्या दोघांनी समोरासमोर बसून काय चालेल, काय चालणार नाही हे बोलण्यापासून. आपल्याकडे दुसरी बायको आधी घरात येते आणि संमती मागाहून कॅमेऱ्यासमोर वदवून घेतली जाते. हे ज्यांना दिसत नाही, त्यांनी एखाद्या टाकलेल्या बाईच्या माहेरी जाऊन चार घटका बसावं.

हा विषयच संस्कृतीबाहेरचा आहे, म्हणून कार्यक्रम बंद करा, ही मागणीही पटणारी नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. व्यभिचारावरच्या लेखासाठी त्यांच्यावर १९३१ मध्ये खटला झाला. १९३४ मध्ये दुसरा झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड भरावा लागला, तरी १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत कर्व्यांनी मासिक चालवलं. स्त्रीच्या इच्छेबद्दल इतकं उघड बोलणारा माणूस मराठीत होऊन गेला, तर नव्वद वर्षांनी आपण तोंडावर पदर का घ्यावा?

कायद्याचंही नीट सांगायला हवं. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला १९४६ मध्येच बंदी आली, पण तो कायदा निजामाच्या राज्यातल्या आमच्या परभणीला लागू नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ही बंदी देशभर झाली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. व्यभिचाराचं कलम मात्र सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. घटस्फोटाचं कारण म्हणून तो अजून उभा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अकलूजला जुळ्या बहिणींनी राजीखुशीनं एकाच मुलाशी लग्न लावलं, तर गुन्हा नोंदला गेला आणि त्यांच्या लग्नाची चित्रफीत गावोगाव फिरली. दीड वर्षानं तशाच संसाराला मोठ्या ओटीटी मंचानं मखरात बसवलं.

निर्मात्यांकडे मागणी एकच आहे. असं कुटुंब पुन्हा घरात घ्यायचं असेल, तर आधी पहिल्या बायकोशी एकटीशीच बोला. नवरा शेजारी नको आणि करारावर सही झालेली नको. दुसरं लग्न तिला कधी कळलं, तेव्हा हातात स्वतःचा पैसा किती होता, माहेरचं दार उघडं होतं का, हे तिला विचारा आणि तिची हरकत नसेल तर पहिल्याच भागात दाखवा. मानवतची, गंगाखेडची बाई तो भाग दोनदा बघेल.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)