सर्व्हर माझ्या टेबलावर आहे, सर!

डिपार्टमेंटच्या स्टोअररूममधल्या जुन्या पीसींची यादी नोटीस बोर्डावर लागली आहे. सेमिस्टर संपलं की सगळं भंगारात. यादीत एक ४८६ आहे, ६६ मेगाहर्ट्झ, १६ एमबी रॅम. बाकीचं खुशाल न्या, पण तो एक राहू द्या, आणि नुसता राहू देऊ नका, ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये टेबलावर मांडा, अशी माझी मागणी आहे. जुन्या वस्तूंचं प्रेम म्हणून नव्हे. हॉस्टेलच्या पोरांचा त्यात थेट फायदा आहे. कसा, ते सांगतो.

एक्स विंडो सिस्टिम आपण सगळे 'शिकलेलो' आहोत. म्हणजे ओरलच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी नोट्स वाचून. ओरलला प्रश्न येतो, "एक्समध्ये सर्व्हर कुठला?" दहातले नऊ जण सर्व्हर रूमकडे बोट दाखवतात. चूक! ज्या मशीनला स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस जोडलेला आहे, ज्याच्यासमोर आपण बसलोय, तो सर्व्हर. कारण स्क्रीनची सेवा तो देतो. प्रोग्रॅम हा क्लायंट, आणि तो कुठंही चालत असू शकतो, पलीकडच्या खोलीत किंवा पलीकडच्या देशात. तो नुसता निरोप पाठवतो की इथून इथपर्यंत रेघ मार, इथं ही अक्षरं लिही. आपण कळ दाबली की ती बातमी उलटी त्याच्याकडे जाते. एवढंच. पण लॅपटॉपवर दोन्ही एकाच डब्यात असल्यामुळे हे डोक्यात शिरत नाही.

ही कल्पना निघाली तीसुद्धा कॉलेजच्याच गरजेतून. एमआयटीमध्ये १९८३ साली 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. विद्यार्थ्यानं कॅम्पसमधल्या कुठल्याही वर्कस्टेशनवर बसावं आणि आपलं काम तिथं मिळावं, हा हेतू. मशीन्स डेक आणि आयबीएमची, एकमेकांशी न जुळणारी. तिथं बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डहून आलेली 'डब्ल्यू' नावाची विंडो सिस्टिम घेऊन तिच्यात मोठे बदल केले आणि पुढचं अक्षर म्हणून नाव ठेवलं 'एक्स'. (बारशाला आत्याबाई नसल्या की असं होतं.) १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली. तिचाच प्रोटोकॉल अजून चालतो.

पण हे सगळं महागड्या वर्कस्टेशन्सवर. साध्या पीसीवर एक्स आलं ते ३८६ मुळे. टोमास रोएल यांचं 'एक्स३८६' १९९१ च्या एक्स११आर५ बरोबर मिळू लागलं आणि त्यातूनच १९९२ मध्ये 'एक्सफ्री८६' निघालं. 'थ्री'चं 'फ्री' केलं, कोटी बरी आहे. डॉसवाल्यांसाठीसुद्धा क्वार्टरडेक कंपनीचं डेस्कव्ह्यू/एक्स त्याच वर्षी आलं होतं. लिनक्सवर चार एमबीमध्ये एक्स सुरू व्हायचं खरं, पण हार्ड डिस्कच्या घरघरीतच निम्मा वेळ जायचा. आठ एमबी असले तर माणसात.

मी त्या ४८६ वर स्टोअरमधल्याच जुन्या सीडीवरून लिनक्स आणि एक्सफ्री८६ चढवलं. लॅबच्या मामांनी किल्ली दिली, त्यांचे आभार. दोन दिवस गेले ते मॉनिटरच्या आकड्यांत. आज आपण केबल खोचतो आणि चित्र येतं. तिथं मोडलाइन हातानं लिहावी लागते. १०२४ बाय ७६८ हवंय? पिक्सेल क्लॉक ६५ मेगाहर्ट्झ, एका रेघेत दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या मिळून १३४४ पिक्सेल, म्हणजे सेकंदाला साधारण ४८,३६० रेघा. एका फ्रेमच्या ८०६ रेघा, भागा, ६० हर्ट्झ. मॉनिटर ३१.५ किलोहर्ट्झचाच असेल तर हे त्याला झेपणार नाही, आणि काही जुने मॉनिटर अशानं जळूही शकत. मग रंग. कार्डावर एक एमबी मेमरी. एका पिक्सेलला एक बाइट धरला तर ७,८६,४३२ बाइट, बसतात. दोन बाइट धरले तर बसत नाहीत. म्हणून २५६ रंग. एखाद्या प्रोग्रॅमनं रंगांचा तक्ता स्वतःसाठी बळकावला की शेजारच्या खिडक्या रंगपंचमी खेळतात. हे प्रत्यक्ष बघितल्यावर कलरमॅप म्हणजे काय हे कुणाला पाठ करावं लागत नाही.

आणि मग लॅबच्या नव्या मशीनवर डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये ४८६ चा पत्ता घातला, एक्सक्लॉक म्हटलं, आणि घड्याळ जुन्या मॉनिटरवर उमटलं! नंतर ग्नूप्लॉट. आकडेमोड नव्या मशीनवर, आलेख तीस वर्षांपूर्वीच्या पीसीवर, तोसुद्धा दहा मेगाबिटच्या कार्डातून, आणि झटकन. जाणार काय होतं तारेतून? चित्र नव्हे, रेघांचे निरोप.

आता कुणी म्हणेल, एक्सचं युग संपलं. मान्य, बरंचसं. आजचे प्रोग्रॅम खिडकीतलं चित्र स्वतःच रंगवून तयार पिक्सेल पाठवतात, त्यामुळे तो हलकेपणा राहिला नाही. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत फेऱ्या फार होतात, हॉस्टेलच्या वायफायवर तर विचारू नका. सुरक्षेच्या नावानंही आनंदच होता. 'एक्सहोस्ट प्लस' टाइप केलं की नेटवर्कवरचा कुणीही तुमच्या कळा वाचू शकतो. २००८ मध्ये सुरू झालेलं वेलँड त्याची जागा घेत गेलं आणि रेड हॅटनं २०२५ मध्ये आणलेल्या एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढूनच टाकला. पण जुने एक्स प्रोग्रॅम चालावेत म्हणून एक्सवेलँड ठेवलंय, आणि एसएसएचमधून खिडकी आणणं आजही जमतं. माझा मुद्दा तिथंच आहे.

आपल्याकडे सिम्युलेशनचं लायसन्स लॅबमधल्या मशीन्सवर, आणि लॅबला साडेपाचला कुलूप. हॉस्टेलमध्ये ज्याच्याकडे दणकट लॅपटॉप आहे त्याचा प्रोजेक्ट रात्री पुढे सरकतो. ज्याच्याकडे सेकंडहँड आहे तो मेसमध्ये बसून दुसऱ्याची वाट बघतो. अथेनावाल्यांनी हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी हातात घेतला होता. लॅबमधलं एक लिनक्स मशीन रात्री चालू ठेवा, लायसन्सच्या अटी तपासा, हॉस्टेलच्या नेटवर्कवरून प्रत्येकाला एसएसएचचं लॉगिन द्या. खर्च विजेचा. "सुरक्षेचं काय" म्हणणाऱ्या सरांना माझी विनंती, एसएसएच त्यासाठीच आहे, आणि लॉग कोण तपासणार म्हणाल तर थर्ड इयरची पोरं आनंदानं पाळी लावतील.

४८६ कशाला मग? सेकंड इयरच्या एका प्रॅक्टिकलसाठी. प्रत्येक बॅचनं त्याच्यासमोर बसावं, मोडलाइन लिहावी, दुसऱ्या मशीनवरचं घड्याळ त्याच्यावर आणावं. जर्नलमध्ये प्रिंटआउट चिकटवायची गरज नाही.

भंगारवाला परीक्षेनंतरच्या सोमवारी येतोय. यादीतला अकरावा नंबर खोडायचा आहे, आणि त्यासाठी एचओडी सरांची सही लागते. अर्ज मी लॅबच्या टेबलावर ठेवलाय. आत्तापर्यंत त्यावर सतरा सह्या आहेत.