सर्वांत मोलाचा कोण?

२०२५ च्या एप्रिल महिन्यातील एका रविवारी आमच्या घरी जेवणाच्या वेळी छोटेसे महाभारत घडले. निमित्त होते एनबीए ह्या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचे. त्या हंगामातील 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजेच सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, ह्यावर आमचे चिरंजीव आणि पुतण्या हमरीतुमरीवर आले होते. चिरंजीवांचा कौल डेन्व्हरच्या निकोला योकिचला. सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट! तिन्ही आघाड्यांवर संपूर्ण हंगामाची सरासरी दहाच्या वर नेणारा तो इतिहासातील केवळ तिसरा खेळाडू. पुतण्याचे म्हणणे असे की, शे गिल्जस-अलेक्झांडरने सरासरी ३२.७ गुण मिळवले आणि त्याच्या ओक्लाहोमा सिटीने ८२ पैकी ६८ सामने जिंकले; डेन्व्हरने जिंकले अवघे ५०. "काका, आता तुम्हीच सांगा," असे म्हणून दोघांनी मला पंच नेमले. महाविद्यालयाच्या संघात तीन वर्षे बहुतांशी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढल्याने खेळ पाहण्याची मला चांगली सवय आहे, हे ते जाणून होते.

पुढे मे महिन्यात पुरस्कार गिल्जस-अलेक्झांडरला मिळाला. परंतु त्या दुपारी मी जे उत्तर दिले ते २०२५ विषयी नव्हते, १९६२ विषयी होते. आपल्या मंडळाच्या सभासदांपुढेही ते मांडावे असे वाटण्यास एक ताजे कारण आहे. ते शेवटी सांगतो.

हा पुरस्कार १९५५-५६ च्या हंगामापासून दिला जातो. आज त्यासाठी क्रीडा-पत्रकार आणि समालोचक मतदान करतात. १९७९-८० पर्यंत मात्र हा अधिकार खेळाडूंचा होता. जे मैदानावर एकमेकांना भिडत, तेच एकमेकांचे मोल ठरवीत.

१९६१-६२ च्या हंगामात त्यांच्यासमोर तीन नावे होती. पहिले विल्ट चेंबरलेन. फिलाडेल्फियाच्या ह्या महाकाय खेळाडूने हंगामभर प्रत्येक सामन्यात सरासरी ५०.४ गुण मिळवले. २ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण केले. सामना ४८ मिनिटांचा, तर तो मैदानावर सरासरी ४८.५ मिनिटे असे. कारण जादा वेळेतही तो क्वचितच बाहेर बसे. दुसरे नाव सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनचे. सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट, योकिचने ज्या पंक्तीत स्थान मिळवले, तिचा हा पहिला मानकरी. तिसरे नाव बोस्टनच्या बिल रसेलचे. त्याची गुणांची सरासरी होती १८.९.

खेळाडूंनी निवडले रसेलला. चेंबरलेन दुसरा आला, रॉबर्टसन तिसरा. मौज अशी की, त्याच वर्षी पत्रकारांनी निवडलेल्या हंगामाच्या आदर्श संघात सेंटरची जागा चेंबरलेनला मिळाली. रसेल गेला दुसऱ्या संघात. ज्यांनी खेळ बाहेरून पाहिला त्यांना एक जण श्रेष्ठ वाटला, ज्यांनी तो अंगावर घेतला त्यांना दुसरा!

ह्यात मत्सराचा भाग असेल काय? मला तसे वाटत नाही. ह्याच खेळाडूंनी १९६० मध्ये पदार्पणाच्याच हंगामात चेंबरलेनला हा सन्मान दिला होता. पुढे १९६६-६७ मध्ये त्याची गुणांची सरासरी २४.१ वर आली, सहकाऱ्यांना दिलेले पास वाढले, त्याच्या संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकून विजेतेपदही पटकावले. तेव्हाही खेळाडूंनी त्यालाच निवडले. पन्नासाच्या सरासरीला जो मान मिळाला नाही, तो चोविसाच्या सरासरीला मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रसेलच्या भोवती बॉब कूझी, सॅम जोन्स, टॉम हाइनसन असे मातब्बर सहकारी होते. मग १९६१-६२ मधील बोस्टनच्या ८० पैकी ६० विजयांचे श्रेय एकट्याला का द्यावे? एकट्याला देऊ नयेच. परंतु रसेल १९५६ मध्ये येण्यापूर्वी कूझी असूनही बोस्टनला एकदाही विजेतेपद मिळाले नव्हते. रसेलच्या तेरा हंगामांत ते अकरा वेळा मिळाले. १९६९ मध्ये तो निवृत्त झाला (सॅम जोन्सही त्याच वेळी, हे नमूद केले पाहिजे) आणि पुढच्याच हंगामात गतविजेत्या बोस्टनने ८२ पैकी ४८ सामने गमावले.

मग हे मोल आकड्यांत का दिसले नाही? कारण साधे आहे. रसेलचे मुख्य काम होते प्रतिपक्षाची बास्केट होऊ न देणे. चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्यापेक्षा तो हलकेच थोपवून आपल्या सहकाऱ्याकडे वळविण्यावर त्याचा भर असे. रसेल समोर उभा आहे एवढ्यानेच कित्येक जण फेक टाळत किंवा चुकवीत. एनबीएने अडवलेल्या फेकींची, म्हणजे 'ब्लॉक'ची, अधिकृत नोंद सुरू केली ती १९७३-७४ पासून. तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. अधिकृत दप्तरात त्याच्या नावावर एकही ब्लॉक नाही! ज्यांच्या फेकी अडल्या त्यांना मात्र ते पक्के ठाऊक होते, आणि मतपत्रिका त्यांच्याच हाती होती.

बालरोगतज्ज्ञाला ही गोष्ट विशेष जवळची वाटते. नव्वदीच्या दशकात निवासी डॉक्टर असताना मी नवजात अर्भकांचा धनुर्वात पाहिला आहे. जरासा आवाज झाला, प्रकाश पडला, की ते इवलेसे शरीर धनुष्यासारखे ताणले जाई. आपण हतबल होऊन पाहत राहायचे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. आज माझ्या हाताखालील तरुण डॉक्टरांना तो केवळ पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. हे कोणी केले? गरोदर स्त्रियांना गावोगाव लस टोचणाऱ्या परिचारिकांनी, स्वच्छ प्रसूतीचा आग्रह धरणाऱ्या सुईणींनी आणि डॉक्टरांनी. त्यांनी किती लसी टोचल्या ह्याची नोंद आहे. किती बाळे वाचली त्यांची नावे कोठेही नाहीत. न झालेल्या आजाराचा केसपेपर निघत नाही.

आता ते ताजे कारण. आपल्या मंडळाने सभासद-डॉक्टरांसाठी वार्षिक पुरस्कार सुरू करण्याचे योजिले आहे. कल्पना स्तुत्य आहे. अर्जाचा मसुदा माझ्या पाहण्यात आला. त्यात शस्त्रक्रियांची संख्या, शोधनिबंध, परिषदांतील व्याख्याने असे रकाने आहेत. आकड्यांचे मला वावडे नाही. त्यांच्याशिवाय वैद्यक चालणार नाही. परंतु ह्या रकान्यांतून आपल्याला चेंबरलेन सापडतील, रसेल सापडणार नाहीत. ज्यांनी अनावश्यक शस्त्रक्रिया टाळली, वेळेवर दुसऱ्याकडे रुग्ण पाठवला, नको असलेले प्रतिजैविक लिहिले नाही, त्यांनी अर्जात काय भरावे?

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, अर्ज मागवूच नयेत. प्रत्येक सभासदास एक चिठ्ठी द्यावी आणि तीवर एकच प्रश्न असावा : रात्री दोन वाजता आपल्या घरच्या माणसाचे दुखणे बळावले, तर आपण आपल्यापैकी कोणाला दूरध्वनी कराल? नातेवाईक आणि आपल्याच रुग्णालयातील भागीदार ह्यांची नावे वर्ज्य असावीत. परिचारिकांनाही ही चिठ्ठी द्यावी. आमचा खेळ त्यांच्याइतका जवळून कोणीच पाहत नाही. ही पद्धत निर्दोष नाही, हे मी जाणतो. मैत्री आणि रुसवे इथेही येतील. तरीही ह्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना माणूस स्वतःशी सहसा खोटे बोलत नाही.

त्या दुपारी मुलांनी शेवटी विचारलेच, "ते सारे खरे, पण यंदा कोण?" मी योकिचचे नाव घेतले. त्याच्या सहकाऱ्यांच्या कित्येक बास्केट त्याच्याच हातून जन्म घेतात, म्हणून. मात्र हे बाकावर बसलेल्याचे मत आहे, असेही सांगून टाकले. पुतण्या अजून रागावलेला आहे. मंडळाच्या कार्यकारिणीने मात्र रागावू नये, आणि पुढील सभेत ह्या चिठ्ठीचा विचार अवश्य करावा, ही विनंती.