वर्गातला टीव्ही : किती, कधी आणि कुणासाठी?

एरवी आपण इथे रक्तदाब, साखर, खोकला, ताप यांवर बोलतो. आज शाळेवर बोलायचं आहे. डॉक्टरला शाळेत नाक खुपसायचं काय कारण, असं वाटेल. कारण ओपीडीतच मिळालं.

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरून आई-वडील तिसरीतल्या मुलाला घेऊन आले. तक्रार एकच, डोकं दुखतं. आईचं ठाम मत होतं की शाळेत मोठा टीव्ही लावल्यापासून हे सुरू झालं. वडिलांना ते अजिबात पटत नव्हतं. टीव्ही आला म्हणून तर यंदा मुलाला गावच्या शाळेत ठेवलं, नाहीतर आश्रमशाळेत घालणार होतो, असं ते म्हणाले. केसपेपर बाजूला राहिला आणि दोघांचा वाद माझ्यासमोर रंगला.

मुलाला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. डाव्या डोळ्याने बरं वाचलं, उजव्याने वरच्या दोन ओळींपुढे गाडी सरकेना. पापण्या आतून फिकट होत्या. सकाळी काय खाल्लंस विचारलं तर कोरा चहा. मग मी विचारलं, टीव्ही लावला की तू कुठे बसतोस? तो म्हणाला, गुरुजी मला नेहमी पुढे बोलावतात, कारण मी उठून टीव्हीजवळ जातो.

म्हणजे टीव्हीने त्याचा डोळा बिघडवला नव्हता. डोळा अधू आहे हे टीव्हीमुळे उघडकीला आलं होतं. तीन वर्षं तो फळ्यावरचं नीट न दिसता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत होता आणि हुशार नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मुलं स्वतःहून सांगत नाहीत, कारण सगळ्यांना जगाचं चित्र असंच धूसर दिसतं असं त्यांना वाटतं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आई आणि वडील दोघंही टीव्हीकडे एकाच नजरेने पाहत होते. एकीला तो विष वाटत होता, दुसऱ्याला औषध. पण औषधाला डोस असतो, ते कुणाला द्यायचं ते ठरलेलं असतं आणि त्याचे दुष्परिणामही असतात. वर्गातल्या पडद्याबद्दल हे तिन्ही प्रश्न आपण विचारतच नाही.

सलाईनचं उदाहरण घ्या. तुमच्यातल्या अनेकांना सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही, हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. अशक्तपणाला सलाईनचा फारसा उपयोग नसतो. ती बाटली म्हणजे मीठ किंवा साखर घातलेलं पाणी, पण ती दिसते. लटकलेली असते, थेंब पडतात, नातेवाईक बघतात. वीस मिनिटं बसून जेवण कसं सुधारायचं ते सांगितलं तर तो उपचार वाटत नाही. शाळेचंही तसंच झालं आहे. पहिलीच्या मुलाला शेजारी बसवून अक्षर गिरवून घेणाऱ्या बाईंचा फोटो कुणी काढत नाही. टीव्हीच्या उद्घाटनाला मात्र सरपंचापासून सगळे हजर असतात.

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी वर्गणी काढून एका शाळेला टॅब दिले. नारळ फोडला, पेढे वाटले. वर्षभराने सहज गेलो तर टॅब कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, खोक्यासकट. गुरुजी बिचारे ओशाळले. फुटला तर भरपाई कोण देणार, चार्ज करायला एकच प्लग, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नाही, आणि आतले धडे इंटरनेटशिवाय उघडत नाहीत. माझा राग गुरुजींवर निघणार होता, पण दोष आमचा होता. देण्याआधी आम्ही त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता की तुम्हाला कशाची अडचण आहे? रोग न विचारता औषध लिहून दिलं होतं.

ही चूक देशोदेशीच्या सरकारांनीही केली आहे. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना प्रत्येकी एक छोटा लॅपटॉप देण्याची मोठी योजना झाली. पुढे ३१९ शाळांचा अभ्यास झाला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, वाचायला नाही. केनियात यापेक्षा शहाणा प्रयोग झाला. काही ठिकाणी मुलांना उपकरणं दिली, काही ठिकाणी शिक्षकांना, आणि काही ठिकाणी शाळाशाळांत फिरून शिक्षकांना मदत करणाऱ्या मार्गदर्शकांना टॅब दिले. मुलांच्या हाती उपकरण देण्याचा खर्च सर्वांत जास्त, पण वाचन त्या प्रमाणात जास्त सुधारलं असं काही दिसलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर केंद्रप्रमुखांच्या हातातला एक टॅब वर्गभर टॅबइतकाच कामी येऊ शकतो.

म्हणून मी यंत्रांच्या विरोधात आहे असं समजू नका. आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल शाळा म्हणून नाव मिळवलं आणि पाड्यावरच्या मुलांनाही हे जमतं हे राज्याला दाखवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० च्या डिसेंबरमध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा झाली. पुस्तकातला चौकोन मोबाइलने स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. आज बालभारतीच्या पुस्तकांतही तो चौकोन असतो. पण त्या बातम्यांमधली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली आणि मग पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांना कळतील अशी नव्याने मांडली. म्हणजे कोडच्या आधी कन्नड!

मोखाडा-जव्हारमध्ये हा मुद्दा नको तितका खरा आहे. आपली मुलं घरी वारली, कोकणा, क-ठाकरी, कातकरी बोलतात. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेल्या व्हिडिओतली बाई कितीही गोड बोलली तरी पहिलीतल्या मुलाला तिचं अर्धं बोलणं परकं. तो चित्रं बघतो, शांत बसतो, आणि शांत बसलेलं मूल शिकतंय असा आपला समज होतो. याच जिल्ह्यात, डहाणूकडे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. पानं, बिया, शंख-शिंपले, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधनं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. मुलाच्या हाताला आणि कानाला जे ओळखीचं आहे तिथून सुरुवात करायची, ही त्यांची रीत होती. मोबाइलने हे आणखी सोपं व्हायला हवं. पाड्यावरच्या एखाद्या आजीची गोष्ट तिच्याच बोलीत रेकॉर्ड करून वर्गात ऐकवायला इंटरनेट लागत नाही, निधी लागत नाही. गुरुजींच्या खिशातला फोन पुरतो. हे करणारे शिक्षक आहेत, पण त्यांचं उद्घाटन होत नाही.

आता माझ्या खात्यातलं बोलतो.

डोळे. मोठा पडदा लांबून बघण्याने चष्मा लागतो, ही भीती सोडा. त्यापेक्षा हातातला मोबाइल वाईट, कारण तो मूल नाकाशी धरतं. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोकं जड होतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब डोंगराकडे बघायला लावा. खोडाळ्यात डोंगरांची टंचाई नाही. लघुदृष्टी म्हणजे लांबचं न दिसणं. ते टाळायला उन्हात खेळणं मदत करतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लघुदृष्टी आली, बाकीच्या शाळांत सुमारे ४० टक्क्यांना. म्हणून टीव्हीचा तास खेळाच्या तासातून कापला जात असेल तर मी त्याला सरळ विरोध करीन.

कान. हा विषय कुणीच काढत नाही. इकडे कान फुटलेली, कानातून पू येणारी मुलं मला वर्षभर दिसतात. अशा मुलाला कमी ऐकू येतं आणि ते खोडकर ठरतं. त्यात जुलै महिना, पत्र्याचं छप्पर, आणि आपला पाऊस! त्या आवाजात टीव्हीचं बोलणं मलाही ऐकू येणार नाही. अशा दिवशी टीव्ही बंद ठेवून मुलांच्या घोळक्यात बसून शिकवणारा माणूसच कामाचा.

पोट. रिकाम्या पोटी, रक्त कमी असलेल्या मुलाचं लक्ष कुठल्याही पडद्यावर टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी आणि जंताची गोळी मुलं खरंच गिळतात का, हे बघणं मला टीव्हीपेक्षा निकडीचं वाटतं. गोळी खिशात घालून घरी नेणारी आणि वाटेत फेकणारी मुलं मी पाहिली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. आमच्या या मुलाचा डोळा तिथेच सापडायला हवा होता. पथक आलं तेव्हा तो आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर होता.

डोस म्हणाल तर पहिली-दुसरीत एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, त्यानंतर थांबवून प्रश्न, आणि लगेच हाताने काहीतरी करणं. हे माझं मत आहे, कुठल्या सरकारी नियमातलं नाही. अक्षरओळख मात्र हाताने लिहूनच पक्की होते, बोटाने पडदा सरकवून नाही. घरी धाकटी भावंडं असतील त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. शाळेने अभ्यास मोबाइलवर पाठवला म्हणून रात्री झोपेपर्यंत फोन मुलाकडे, हे तर बंदच करा.

वीटभट्टीचा विषय निघालाच आहे. दिवाळीनंतर आपल्याकडचे पाडे ओस पडतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडे जातात आणि मुलंही सोबत जातात. वर्गातला टीव्ही वर्गातच राहतो. तो कितीही चांगला असला तरी या मुलांच्या काही कामाचा नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे वडिलांच्या खिशातला साधा, बटणांचा फोन. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. कोरोनात शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात एक प्रयोग झाला. शिक्षक आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवर मुलाशी पंधरा-वीस मिनिटं बोलायचे, एक-दोन गणितं सोडवून घ्यायचे, सोबत मेसेजने सराव पाठवायचे. मुलांचं गणित सुधारलं. नुसते मेसेज पाठवले तिथे मात्र फारसा फरक पडला नाही. फरक पाडला तो पलीकडच्या आवाजाने.

याच वर्षी आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. नेटवर्कसाठी टेकडीवर चढणारी मुलं, घरात एकच फोन आणि तोही बाप कामावर घेऊन गेलेला. वैतरणेचं पाणी इथून मुंबईच्या नळापर्यंत पोचतं, पण मुंबईचं नेटवर्क इथल्या पाड्यावर पोचत नाही. असो.

पालक म्हणून तुम्हाला एक अधिकार आहे, तो वापरा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सदस्यांपैकी निम्म्या महिला. पुढच्या बैठकीला सही करून परत येऊ नका. टीव्हीचं वीजबिल कोण भरतं, बिघडला तर कोण दुरुस्त करणार, इंटरनेटशिवाय चालतील असे धडे पेनड्राइव्हवर आहेत का, हे विचारा. दिवाळीनंतर गेलेल्या मुलांना आठवड्याला फोन कोण करणार, हे तर नक्की विचारा. आणि सहा मीटरवर तक्ता लावून सगळ्या मुलांचे डोळे एकदा तपासा. तक्ता माझ्याकडून न्या, फुकट आहे. तपासायचं कसं ते गुरुजींना दाखवायला अर्धा तास पुरतो.

तो मुलगा आता चष्मा लावतो. पहिला आठवडा त्याने तो दप्तरात लपवला, कारण मुलं हसत होती. मग गुरुजींनी एक युक्ती केली, टीव्ही चालू-बंद करायचं काम त्याच्याकडे दिलं. रिमोट ज्याच्या हातात, त्याच्या चष्म्याला कोण हसणार? रक्ताच्या गोळ्या सुरू आहेत. सकाळी चहाबरोबर भाकरी खातो का, हे आईला विचारलं तर ती म्हणाली, कधी कधी. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे.